समीक्षकांनी खरंच झोडपला होता का? 'लायसन्स टू किल'च्या बदनामीची उलटतपासणी

जेम्स बॉन्डच्या चाहत्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. १९८९ साली 'लायसन्स टू किल' आला. तो फार गडद होता, फार हिंसक होता. समीक्षकांनी त्याला सोलून काढलं, प्रेक्षकांनी पाठ फिरवली, त्यात बॉन्ड झालेल्या टिमथी डाल्टनची गच्छंती झाली आणि बॉन्ड सहा वर्षं घरी बसला. पुढे २००६ मध्ये नवा बॉन्ड म्हणून डॅनियल क्रेग आला, तेव्हा जगाच्या लक्षात आलं की डाल्टन काळाच्या पुढे होता, आणि चित्रपटाला उशिरा का होईना, न्याय मिळाला.

गोष्ट रंगतदार आहे, कारण तिच्यात अन्यायही आहे आणि शेवटी न्यायही. अडचण एवढीच की तिच्यातल्या घटना एकामागून एक घडल्या असल्या, तरी एकीमुळे दुसरी घडली असं नाही. परीक्षणं काय म्हणत होती, गल्ला किती जमला, सेन्सॉरने काय केलं आणि कोर्टात काय चाललं होतं, या चार खात्यांतल्या नोंदी आपण एकाच वहीत उतरवल्या आणि बेरजेखाली 'समीक्षकांनी मारला' असं लिहून टाकलं. एखाद्या चित्रपटाचं 'समीक्षकांकडून झालेलं स्वागत' म्हणतात ते नेमकं कशाचं बनतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. म्हणून ती चार खाती पुन्हा वेगळी करून पाहू.

आधी चित्रपट. पस्तीस वर्षांहून जुना आहे, त्यामुळे कथानक फोडल्याचा आरोप मी मान्य करणार नाही. फ्लोरिडातल्या की वेस्टमध्ये बॉन्डचा जुना अमेरिकन दोस्त फेलिक्स लायटर याचं लग्न आहे. लग्नाला जाता जाता हे दोघे अमली पदार्थांचा मोठा व्यापारी फ्रान्झ सांचेझ याला पकडतात आणि पॅराशूटने थेट चर्चपाशी उतरतात. सांचेझ लाच चारून निसटतो, लायटरच्या नव्या नवरीला ठार मारवतो आणि लायटरला शार्कच्या तोंडी देतो. लायटर जगतो, पण अधू होऊन. वरिष्ठ बॉन्डला सांगतात, हे अमेरिकनांचं प्रकरण आहे, तू तुझ्या कामगिरीवर चालू लाग. बॉन्ड नाही म्हणतो. त्याचा मारण्याचा परवाना काढून घेतला जातो, तो तिथून पळतो आणि पुढचा सगळा चित्रपट एकटा माणूस सूड घेत फिरतो. जग नष्ट करायला निघालेला वेडा अब्जाधीश नाही, अंतराळातलं अस्त्र नाही. बॉन्ड सांचेझच्या गोटात शिरतो, त्याचा विश्वास कमावतो आणि त्याच्या मनात स्वतःच्याच माणसांबद्दल संशय पेरतो. सांचेझला पैशापेक्षा निष्ठा मोठी वाटते, आणि बॉन्ड नेमकं तेच त्याच्यावर उलटवतो. सहलेखक मायकेल जी. विल्सनने या कल्पनेचं श्रेय जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिम्बो' या चित्रपटाला दिलं आहे.

हिंदी सिनेमावर वाढलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला यात वावगं काय ते चटकन कळत नाही. मित्राच्या संसाराची राखरांगोळी झाली, कायदा हात वर करून मोकळा झाला, मग नायकाने दुसरं काय करायचं? सत्तर-ऐंशीच्या दशकातला आपला निम्मा सिनेमा याच वाटेने गेलेला आहे. पण बॉन्डच्या मालिकेचा करार वेगळा होता. बॉन्ड सरकारी नोकर. तो मारतो ते हुकमावरून, आणि मारल्यावर एक चुरचुरीत वाक्य टाकून टाय सरळ करतो. स्वतःच्या रागासाठी मारणं हे त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. १९६९ च्या चित्रपटात त्याची बायको लग्नाच्या दिवशीच मारली गेली, पण त्याचा हिशेब पुढच्या चित्रपटांनी सुरुवातीच्या एखाद्या प्रसंगात उरकून घेतला.

त्यात १९७३ ते १९८५ अशी बारा वर्षं आणि सात चित्रपट रॉजर मूर बॉन्ड होता. त्याचा बॉन्ड स्वतःलाच फारसं गंभीरपणे घेत नसे. शेवटचा चित्रपट आला तेव्हा मूर सत्तावन्न वर्षांचा होता. एका अख्ख्या पिढीला बॉन्ड म्हणजे उंचावलेली भुवई एवढंच ठाऊक होतं. त्या जागी रंगभूमीवरून आलेला, बॉन्डचा जनक इयान फ्लेमिंग याच्या कादंबऱ्या नीट वाचून बसलेला डाल्टन आला. १९८७ च्या पहिल्या चित्रपटात त्याने थोडं जुळवून घेतलं. दुसऱ्यात तो आणि दिग्दर्शक जॉन ग्लेन या दोघांनी हात मोकळे सोडले.

मालिकेतल्या चित्रपटाचं परीक्षण आणि स्वतंत्र चित्रपटाचं परीक्षण यांत मोठा फरक असतो. स्वतंत्र चित्रपटाला समीक्षक विचारतो, हे जमलंय का? मालिकेतल्या चित्रपटाला तो आधी विचारतो, हा 'त्यातला' वाटतोय का? जमलंय की नाही हा प्रश्न नंतरचा. १९८९ च्या परीक्षणांत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि बहुतेक नाराजी 'त्यातला' वाटतोय का या प्रश्नाच्या उत्तरातून आलेली आहे.

ती परीक्षणं काय म्हणत होती? अमेरिकेतला तेव्हाचा सर्वांत वजनदार समीक्षक रॉजर इबर्ट. डाल्टनचा पहिला बॉन्डपट त्याला रुचला नव्हता, विनोद हरवल्याची तक्रार करत त्याने चारपैकी दोन तारे दिले होते. 'लायसन्स टू किल'ला त्याच इबर्टने साडेतीन दिले. स्टंट आवडले, डाल्टन भूमिकेत रुळलेला वाटला, आणि त्याने हवी तितकी वर्षं ही भूमिका करावी असंही त्याने लिहिलं. ब्रिटनमध्ये 'गार्डियन'च्या डेरेक माल्कमला सुरुवातीच्या बॉन्डपटांसारखी धार परत आलेली आवडली, मात्र लेखन-दिग्दर्शनात आणखी थोडी चमक हवी होती असं त्याला वाटलं. 'संडे टाइम्स'चा इयन जॉनस्टन नाराज होता. फ्लेमिंगचा सभ्य हेर आता उरलाच नाही, हा बॉन्ड त्याच वर्षीच्या बॅटमॅनच्या जवळचा आहे, असा त्याचा सूर.

यातून 'झोडपला' असं चित्र उभं राहत नाही. मत विभागलेलं होतं, आणि जो तक्रार करत होता तोसुद्धा बहुधा चित्रपट वाईट आहे असं म्हणत नव्हता. तो म्हणत होता, हा बॉन्ड नाही.

जॉनस्टनच्या तक्रारीत एक गंमत आहे. फ्लेमिंगचा बॉन्ड गेला असं तो म्हणतो, पण लायटरला शार्कच्या तोंडी देण्याचा प्रसंग फ्लेमिंगचाच आहे. १९५४ सालच्या 'लिव्ह अँड लेट डाय' कादंबरीत तो जसाच्या तसा सापडतो, जखमी लायटरसोबत ठेवलेल्या क्रूर चिठ्ठीसकट. मिल्टन क्रेस्ट हा खलनायकाचा साथीदार आणि स्टिंगरे माशाच्या शेपटीचा चाबूक हेही फ्लेमिंगच्या एका कथेतलेच. 'लिव्ह अँड लेट डाय'वर १९७३ मध्ये चित्रपट आला तेव्हा निर्मात्यांनी शार्कचा प्रसंग वगळला होता. त्यात लायटर झाला होता डेव्हिड हेडिसन. सोळा वर्षांनी तोच हेडिसन पुन्हा लायटर म्हणून आला आणि तेव्हा वाचलेला पाय या वेळी गमावून बसला! म्हणजे पानांवरच्या बॉन्डशी हा चित्रपट मूरच्या बहुतेक चित्रपटांपेक्षा जास्त इमानदार आहे. समीक्षकाच्या डोक्यातला 'खरा बॉन्ड' पुस्तकांतून कमी आणि पडद्यावरून जास्त घडला होता.

मात्र 'हा तर कुठलाही अमेरिकन मारधाडपट झाला' या दुसऱ्या तक्रारीत तथ्य होतं, आणि ते कुठून आलं हे दाखवता येतं. संगीत मायकेल केमनचं. 'लीथल वेपन' आणि 'डाय हार्ड' या दोन्हींचं संगीत त्याचंच. सांचेझ झालेला रॉबर्ट डाव्ही आदल्याच वर्षी 'डाय हार्ड'मध्ये एफबीआयचा माणूस होता. खलनायक लॅटिन अमेरिकेतला अमली पदार्थांचा व्यापारी, भोवती फ्लोरिडाचं ऊन. तेव्हा अमेरिकन टीव्हीवर दर आठवड्याला 'मायामी व्हाइस'मध्ये हेच दिसत होतं. खर्च वाचवण्यासाठी लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ सोडून निर्मात्यांनी मुक्काम मेक्सिको सिटीतल्या चुरुबुस्को स्टुडिओत हलवला होता. बॉन्डपटांच्या त्या भव्य, थोड्या वेडगळ सेट्सची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळं रोडावलेलं वाटणं साहजिक होतं. मलाही यातली आतली दृश्यं सपाट वाटतात.

पटकथेचं दुखणं वेगळं. १९८८ च्या मार्च ते ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप चालला. १९६२ च्या पहिल्या बॉन्डपटापासून लिहीत आलेले रिचर्ड मेबम त्यामुळे बाजूला झाले आणि विल्सनने पटकथा एकट्याने पुरी केली. पडद्यावर ते जाणवतं. सांचेझ आणि बॉन्ड यांच्यातला भाग घट्ट विणलेला आहे, पण टीव्हीवरून प्रवचनं देणारा भोंदू बाबा, मधेच उगवणारे हाँगकाँगचे निन्जा आणि दोन नायिकांचं एकमेकींवर जळणं या गोष्टी दुसऱ्याच चित्रपटातून आल्यासारख्या वाटतात. कॅरी लोवेलची पॅम ही चांगली पायलट, हुशार, बंदूक चालवणारी, आणि तिला शेवटच्या अर्ध्या तासात रुसून बसायला लावलंय. यावर तेव्हा टीका करणारे बरोबर होते.

आता सेन्सॉर. इथे एक तारखेचा योगायोग आहे, जो चाहत्यांच्या गोष्टीत क्वचितच येतो. ब्रिटनमध्ये तोवर 'पालकांच्या मार्गदर्शनाखाली' आणि त्याच्या वर थेट 'पंधरा वर्षांवरील' अशी प्रमाणपत्रं होती, मधली पायरी नव्हती. या चित्रपटात दाबाच्या टाकीत एकाचं डोकं फुटतं, एक जण भुकटी करणाऱ्या यंत्रात जातो, आणि सांचेझ स्वतः पेट्रोलने भिजून जळतो. काही दृश्यं कापूनही चित्रपटाला 'पंधरा' मिळालं, आणि बॉन्डच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. जूनमध्ये तो लागला. १ ऑगस्ट १९८९ पासून ब्रिटनने 'बारा वर्षांवरील' असं नवं प्रमाणपत्र सुरू केलं, आणि ते मिळालेला पहिला चित्रपट होता 'बॅटमॅन'. म्हणजे बारा ते चौदा वर्षांची जी मुलं बॉन्डच्या दारातून परत गेली, त्यांना दोन महिन्यांत बॅटमॅनच्या दारातून आत सोडलं गेलं. मधली पायरी जूनमध्ये असती तर बॉन्डला ती मिळालीच असती असं मी म्हणणार नाही, ते यंत्र जरा जास्तच रक्ताळ आहे. पण कौटुंबिक प्रेक्षक हा बॉन्डचा कणा होता, आणि तो कायद्यानेच बाहेर राहिला. 'प्रेक्षकांनी पाठ फिरवली' म्हणताना एवढं तरी लक्षात ठेवावं.

गल्ल्याकडे वळू. चित्रपटावर सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर खर्च झाला आणि जगभरात सुमारे १५ कोटी ६० लाख डॉलर जमले. याला कुणी आपटला म्हणणार नाही. पण अमेरिकेतला वाटा साडेतीन कोटींच्या आसपासच होता, आणि डाल्टनच्याच आधीच्या चित्रपटाने तिथे पाच कोटींहून जास्त कमावले होते. महागाई धरून हिशेब केला तर अमेरिकेत मालिकेतली ही सर्वांत कमी कमाई. हॉलिवूडचं मत अमेरिकेतल्या आकड्यावर बनतं, म्हणून शिक्का बसला तो पडेल चित्रपटाचा.

अमेरिकेतला तो उन्हाळा कसा होता पाहा. मे महिन्याच्या अखेरीस इंडियाना जोन्सचा तिसरा भाग, १६ जूनला 'घोस्टबस्टर्स'चा दुसरा, २३ जूनला 'बॅटमॅन', ७ जुलैला 'लीथल वेपन'चा दुसरा, आणि मग १४ जुलैला बॉन्ड. या रांगेत शेवटी उभं राहायचं म्हणजे लोकांच्या खिशात उरलेल्या चिल्लरीवर भागवणं.

या यादीतल्या दोन चित्रपटांमुळे चाहत्यांचं एक आवडतं स्पष्टीकरण मोडीत निघतं. ते म्हणतात, लोकांना १९८९ मध्ये गडद, सूडाने पेटलेला नायक झेपला नाही. पण 'बॅटमॅन' काय आहे? आई-बापाच्या खुन्याशी हिशेब चुकता करणारा काळ्या कपड्यांतला माणूस. 'लीथल वेपन २' मध्ये मेल गिब्सनचा पोलीस बायको आणि प्रेयसी या दोघींच्या मारेकऱ्यांवर तुटून पडतो, आणि तोही बिल्ला बाजूला ठेवून. दोन्ही तुफान चालले. त्या उन्हाळ्यात सूड भरभरून विकला जात होता. फक्त तो बॉन्डच्या दुकानात मिळतो हे कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना तो हवा होता त्यांना तो इतरत्र आधीच मिळाला होता.

राहिली डाल्टनची गच्छंती. ती झालीच नाही. तिसऱ्या चित्रपटाच्या कथेवर १९९० मध्ये काम सुरू होतं. तेवढ्यात एमजीएम-युए या स्टुडिओच्या मालकीची विक्री सुरू झाली, बॉन्डपटांचे टीव्ही हक्क स्वस्तात फुंकले जातील या भीतीने निर्माते कोर्टात गेले आणि सगळं ठप्प झालं. खटला मिटेपर्यंत डाल्टनचा करार संपला होता. एप्रिल १९९४ मध्ये त्याने स्वतःच भूमिका सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि १९९५ मध्ये पिअर्स ब्रॉस्नन आला. सहा वर्षांच्या खंडाचं कारण वकिलांच्या कागदांत आहे, पण प्रेक्षकाला एवढंच दिसलं की हा चित्रपट आला आणि त्यानंतर बॉन्ड गायब झाला. त्यामुळे कारण म्हणून समोर दिसतो तो चित्रपटच.

मग 'पुनर्मूल्यांकन' कशाचं झालं? २००६ च्या 'कसिनो रॉयल'ने रागीट, जखमी होणारा बॉन्ड लोकप्रिय केला, आणि लोक मागे वळून म्हणू लागले, असा एक आधीही होता की! चित्रपट तोच होता, फक्त 'त्यातला वाटतोय का' या प्रश्नाचं उत्तर बदललं. त्यात भर पडली ती रॉटन टोमॅटोजसारख्या संकेतस्थळांची. तिथला टक्का म्हणजे चित्रपटाची गुणवत्ता नव्हे, तर अनुकूल परीक्षणांचं प्रमाण. दहापैकी आठ समीक्षक 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हणाले तरी आकडा ८० दिसतो, आणि आठ जण वेडे होऊन नाचले तरी ८०च. शिवाय हे संकेतस्थळ १९९८ चं. १९८९ च्या चित्रपटाच्या आकड्यात तेव्हाची वर्तमानपत्री परीक्षणं आणि क्रेग पाहून झाल्यावर लिहिलेली परीक्षणं एकाच टोपलीत असतात. त्यामुळे जुन्या चित्रपटाचा टक्का पाहून 'तेव्हा समीक्षकांना आवडला होता' किंवा 'नव्हता' असं काहीच सिद्ध होत नाही. तेव्हाचं मत हवं असेल तर तेव्हाच्या तारखेचं परीक्षण काढून वाचायला लागतं.

क्रेगच्या काळातही सूडाचा प्रयोग दर वेळी गोड मानला गेला असं नाही. २००८ चा 'क्वांटम ऑफ सोलेस' पाहा. प्रेयसी गमावलेला बॉन्ड, वरिष्ठांचं न ऐकता एकट्याने लावलेला माग, विनोद जवळपास शून्य, आणि योगायोग असा की याही पटकथेच्या मधोमध हॉलिवूडच्या लेखकांचा संप आला. स्वतः क्रेग आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर प्रसंग दुरुस्त करत बसले होते. तक्रारीही जुन्याच. फक्त 'डाय हार्ड'च्या जागी 'बॉर्न' या हेरपटांच्या मालिकेचं नाव आलं, आणि त्यालाही आधार होता, कारण मारामारीची दृश्यं घेणाऱ्या तुकडीचा दिग्दर्शक डॅन ब्रॅडली 'बॉर्न'मधूनच आला होता. ज्या इबर्टने १९८९ मध्ये साडेतीन तारे दिले होते, त्याने याला दोन दिले आणि बजावलं की जेम्स बॉन्ड हा मारधाडपटाचा नायक नव्हे, असं पुन्हा कधी करू नका. गल्ला मात्र जवळपास ५९ कोटी डॉलर. तेव्हा समीक्षकांनी मारला म्हणून चित्रपट पडतो, हे या दोन सूडपटांनी तरी खोटं पाडलं. साडेतीन तारेवाला अमेरिकेत पडला आणि दोन तारेवाला जगभर धावला.

आता माझं मत. डाल्टन उत्तम आहे. डाव्हीचा सांचेझ मालिकेतल्या पहिल्या पाच खलनायकांत बसावा असा आहे, आणि त्याचा तरुण हस्तक डारिओ झालेला एकविशीतला बेनिसिओ देल तोरो नुसता हसला तरी पोटात गोळा येतो. शेवटचा टँकरांचा पाठलाग मेक्सिकोतल्या रुमोरोसा घाटात खरे अवजड ट्रक घेऊन चित्रित झाला. फ्रेंच स्टंटचालक रेमी ज्युलियनच्या चमूने एक अख्खा ट्रक एका बाजूच्या चाकांवर चालवला. संगणकाने असलं काही करायला लागण्याआधीची ही कमाई आहे.

पण हल्ली चाहते या चित्रपटाला अन्याय झालेला उत्कृष्ट नमुना म्हणून मिरवतात, तेव्हा मला त्याची शेवटची पाच मिनिटं आठवतात. सूड पुरा झालाय. लायटर हॉस्पिटलमध्ये आहे, बायको मारली जाऊन फार दिवस झालेले नाहीत, पाय गेलाय, आणि तो फोनवर बॉन्डशी मजेत गप्पा मारत लवकरच मासेमारीला जाऊ म्हणतोय. ज्या दुःखापायी इतकी माणसं मेली, ते दुःख ज्याचं त्यालाच आठवत नाही. पाठोपाठ पार्टी, जलतरण तलाव, चुंबन. आणि विनोद नाही म्हणून ज्या चित्रपटावर टीका झाली, त्याचं शेवटचं दृश्य काय? तलावाकाठचा शोभेचा मासा प्रेक्षकांना डोळा मारतो.